व्हिसा पाच वर्षांचा, पण राहायचं किती? एफ-१ विद्यार्थ्यांसाठी व्हिसा, स्टेटस आणि आय-९४

अमेरिकेला शिकायला निघालेली मुलं हमखास विचारतात, "व्हिसा पाच वर्षांचा मिळालाय, म्हणजे पाच वर्षं राहता येईल ना?" तसं नसतं. व्हिसाची तारीख उलटली म्हणून त्याच दिवशी बॅग भरावी लागते, असंही नसतं. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा फक्त अमेरिकेच्या दारापर्यंत नेतो. आत घ्यायचं का, कोणत्या प्रकारात आणि किती काळासाठी, हे विमानतळावरचा सीबीपीचा, म्हणजे अमेरिकेच्या सीमा आणि कस्टम्स खात्याचा, अधिकारी ठरवतो. त्याने जे ठरवलं त्याची नोंद म्हणजे आय-९४, आणि तुमचं स्टेटस, म्हणजे अमेरिकेत राहण्याचा कायदेशीर दर्जा, त्यावरून कळतं.

आय-९४ वर 'क्लास ऑफ ॲडमिशन' असा एक रकाना असतो. फिरायला आलेल्याच्या नोंदीत तिथे बी-२ दिसतं. विद्यापीठात किंवा कॉलेजात शिकणारा एफ-१, व्यावसायिक प्रशिक्षण घेणारा एम-१, एक्स्चेंज कार्यक्रमातून आलेला जे-१. एफ-१ वाल्याची बायको, नवरा किंवा मुलं एफ-२. हे सगळे तात्पुरते, म्हणजे नॉन-इमिग्रंट प्रकार. ग्रीन कार्ड हा पूर्णपणे वेगळा रस्ता आहे.

एफ-१ साठी पात्रता थोडक्यात सांगायची तर सेव्हिप (परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा सरकारी कार्यक्रम) मान्यता असलेल्या संस्थेत पूर्णवेळ प्रवेश हवा, निदान पहिल्या वर्षाचा खर्च भागेल एवढा पैसा दाखवता यायला हवा आणि शिक्षण संपल्यावर परत जाण्याचा इरादा अधिकाऱ्याला पटायला हवा. प्रवेश पक्का झाला की संस्था आय-२०, म्हणजे एफ-१ साठीचं पात्रतेचं प्रमाणपत्र, पाठवते. त्यावर तुमचीही सही लागते. ती बरेच जण विसरतात. मग ३५० डॉलरची सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी भरायची, डीएस-१६० हा व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म भरायचा आणि मुलाखतीची वेळ घ्यायची. पासपोर्ट, आय-२०, सेव्हिसची पावती, डीएस-१६० ची पोचपावती, फोटो, गुणपत्रिका आणि पैशांचे पुरावे एकाच फाइलमध्ये ठेवा. ही फाइल प्रवासात हातातल्या बॅगेत हवी, चेक-इन केलेल्या सुटकेसमध्ये नको. इमिग्रेशनच्या रांगेत आय-२० दाखवता आला नाही, तर आय-५१५ए ही नोटीस देऊन फक्त ३० दिवसांसाठी आत सोडतात आणि तेवढ्यात कागद पुरे करावे लागतात.

आय-२० वरच्या सुरुवातीच्या तारखेआधी ३० दिवसांहून लवकर एफ-१ वर प्रवेश मिळत नाही. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून दीड महिना आधीचं काढू नका.

पोहोचल्यावर घराची किल्ली हातात येण्याआधी करायचं काम म्हणजे सीबीपीच्या आय-९४ संकेतस्थळावरून आपली नोंद उतरवून घेणं. विमानाने येणाऱ्यांना कागदी आय-९४ देणं २०१३ पासून बंद आहे, त्यामुळे ती कोणी आणून देत नाही. नोंद सापडली नाही तर घाबरू नका, आधी नाव तपासा. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. शोधताना एकच टाकलं की नोंद मिळत नाही. मिळाली की दोन जागा बघा. वर्ग एफ-१ आहे का? आणि मुक्कामाच्या मुदतीसमोर डी/एस लिहिलंय का (अर्थ पुढे येतोच)?

ज्यांच्याकडे जुना पर्यटक व्हिसाही चालू आहे, त्यांनी तर नक्की बघा. अधिकाऱ्याने चुकून तोच उघडला, तर नोंद बी-२ ची होते आणि डी/एसच्या जागी सहा महिन्यांनंतरची एखादी तारीख बसते. बी-२ वर पदवीचं शिक्षण सुरू करता येत नाही. अशी चूक सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात दुरुस्त होते. आधी आपल्या डीएसओला, म्हणजे संस्थेतल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याला, सांगा.

डी/एस म्हणजे 'ड्युरेशन ऑफ स्टेटस'. तारीख नाही; नियम पाळून शिकताय तोवर मुक्काम. (ही पद्धत बंद करून ठरावीक मुदत देण्याचा प्रस्ताव ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने मांडला. म्हणून सीनियरच्या आय-९४ वर काय होतं यावर विसंबू नका, स्वतःची वाचा.) डी/एसमध्ये अभ्यासक्रम पुरा केला की आणखी ६० दिवस मिळतात. डीएसओची परवानगी घेऊन मध्येच सोडला तर १५. न विचारता वर्गाला जाणं बंद केलं तर एकही नाही.

आणि स्टेटस बिघडतं ते बहुधा साध्या गोष्टींनी. पदवीच्या विद्यार्थ्याने एक विषय ड्रॉप केला, पूर्णवेळसाठी लागणाऱ्या १२ क्रेडिटचे ९ झाले, आणि डीएसओला विचारलंच नाही. घर बदललं, नवा पत्ता १० दिवसांत कळवायचा राहिला. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम चालतं. बाहेरचं काम, रोख पैसे घेऊन केलं तरी, परवानगीशिवाय चालत नाही. ओपीटीचे, म्हणजे शिक्षणाशी संबंधित कामाच्या परवानगीचे (बहुधा शिक्षणानंतरच्या), १२ महिने हवे असतील तर पूर्णवेळ सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेलं काम, वर्षभर करू नका, त्याच पातळीवरचा ओपीटीचा हक्क जातो.

सोबत येणाऱ्या जोडीदाराने नीट समजून घ्यावं: एफ-२ वर नोकरी करता येत नाही आणि पूर्णवेळ पदवीही घेता येत नाही. त्यासाठी स्वतःचं एफ-१ हवं. ते अमेरिकेतच राहून आय-५३९ अर्जाने बदलून घेता येतं, पण त्यातून फक्त स्टेटस मिळतं, व्हिसा नाही. पुढे कधी भारतात आलात की परत जाण्यासाठी कॉन्सुलेटमधून एफ-१ चा शिक्का घ्यावाच लागतो.

सुट्टीत घरी येताना व्हिसाची तारीख बघाच, आणि आय-२० चं दुसरं पानही. तिथली डीएसओची प्रवासाची सही एक वर्ष चालते, ओपीटीवर असाल तर सहा महिने.