इंधन पंपाच्या विद्युत मंडलातील बिघाडाचे निदान

टाकीतले पेट्रोल दाबाने इंजिनापर्यंत पोचवणाऱ्या विजेच्या पंपाला वीज मिळते का, पुरेशी मिळते का आणि मिळत नसेल तर वाटेत कुठे अडते, हे शोधण्याची पद्धत. वाटेतल्या दोषाचे खापर अनेकदा पंपावर फुटते. नवा पंप बसवूनही गाडी पुन्हा बंद पडली, की मग वायरिंगकडे लक्ष जाते.

कार्ब्युरेटरच्या दुचाकीत टाकी वर असल्याने पेट्रोल आपल्याच वजनाने खाली उतरे. पंपाची गरज नसे. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाची बीएस-६ मानके लागू झाली, दुचाकींतही पेट्रोल दाबाने फवारणारे फ्युएल इंजेक्शन आले आणि मोटारींपुरता असलेला हा विषय दुचाकीच्या मेकॅनिकपर्यंत पोचला. सोलापूरच्या गॅरेजांत मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच वाक्यात ऐकू येतात; मात्र रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज, कपलर (वायरी जोडणारा प्लग), अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे करंटची परतीची वाट) हे शब्द तिन्ही भाषांना सारखेच.

विजेची वाट : बॅटरी, फ्यूज, रिले, कपलर, पंप आणि तिथून अर्थ, असा साधारण क्रम असतो. रिलेला बहुधा चार पाय असतात. ३० व ८७ हे आकडे असलेल्या पायांमधून पंपाचा करंट जातो, तर ८५ व ८६ मध्ये गुंडाळी असते. ही गुंडाळी इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, चालू-बंद करतो. बहुतेक गाड्यांत चावी ऑन केली की दोन-तीन सेकंद पंपाचा ‘घूंऽऽ’ आवाज येतो आणि थांबतो. सेल्फ मारल्यावर क्रँक सेन्सरकडून इंजिन फिरत असल्याची खबर आली, तरच ईसीयू रिले पुन्हा ओढतो. त्यामुळे क्रँक सेन्सर गेला तरी पंप गप्प बसतो. चावी ऑन करताना घूं ऐकू आले, पण सेल्फ मारताना पंपाला वीज नाही, असे दिसले तर आधी संशय याच सेन्सरचा घ्यावा.

तपासणीआधी दुचाकीचा इंजिन बंद करणारा लाल किल स्विच पाहून घ्यावा. हसू येईल, पण तो बंद राहिल्यामुळे ढकलत गॅरेजात आणलेल्या गाड्या कमी नाहीत. पडलेल्या दुचाकीचा कल ओळखणारा सेन्सरही पंप बंद करतो. अनेक मॉडेलांत चावी बंद करून पुन्हा ऑन केली की तो पूर्ववत होतो. काही मोटारींत धडकेनंतर पंप तोडणारा वेगळा स्विच असतो.

मीटरचा चकवा : या निदानात सर्वाधिक फसगत इथे होते. पंपाचा कपलर सोडवून त्यात मल्टीमीटरच्या काड्या घातल्या, पडद्यावर १२ व्होल्ट आले, म्हणून ‘लाइन ओके, पंप गेला’ असा निकाल दिला जातो. मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरीच्या बारीक तारांपैकी एकच शाबूत असली तरी तो १२ दाखवतो. त्याच कपलरला २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावला, तर त्याला पावणेदोन अँपिअर लागतात आणि तुटक्या वायरीवर तो मिणमिणतो. मोटारीचा पंप तर चार ते आठ अँपिअरपर्यंत ओढतो.

म्हणून मोजमाप पंप जोडलेला आणि चालू असतानाच करावे. मीटरची एक काडी बॅटरीच्या प्लसवर, दुसरी पंपाच्या प्लसवर ठेवली की वाटेत किती व्होल्ट हरवतात ते थेट दिसते. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते. त्याहून जास्त असेल तर एकेक टप्पा मागे सरकत फ्यूज, रिले आणि कपलर तपासावा. अर्थच्या बाजूला पाव व्होल्टही खटकायला हवा. बॉडीला आवळलेल्या अर्थच्या बोल्टखाली गंज धरला तर पंप फिरतो, पण मंद; गाडी सपाटीला धावते आणि तुळजापूरच्या घाटात दम तोडते.

अँपिअरही बोलतात. करंट जास्त आणि फ्यूज वारंवार उडतो, तर वायर बॉडीला घासून शॉर्ट झालेली असते, पंप अडकलेला असतो किंवा फिल्टर तुंबलेला असतो. करंट कमी आणि वेगही कमी, तर वाटेत रोध, म्हणजे करंटला अडथळा, आहे. करंट वरखाली नाचत असेल तर पंपातले कार्बन ब्रश झिजले असावेत.

सोलापूरचे ऊन : मे महिन्यात इथला पारा ४२ अंशांच्या वर जातो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशांवरची वायर ६० अंशांना गेली की तो साधारण १६ टक्क्यांनी जास्त. निरोगी लाइनला याचे काही वाटत नाही; आधीच अधू असलेला जोड मात्र उघडा पडतो. गाडी गरम झाल्यावर बंद पडते, अर्धा तास सावलीत उभी केली की सुरू होते आणि गॅरेजात नेईपर्यंत दोष गायब! अशा वेळी रिले, क्रँक सेन्सर व पंपाची मोटर हे तीन संशयित असतात. गाडी बंद पडलेली असतानाच मोजणे हा खरा उपाय. गॅरेजात रिले आणि सेन्सर हेअर ड्रायरने तापवूनही दोष बाहेर काढता येतो.

टाकीतला पंप भोवतालच्या पेट्रोलानेच थंड राहतो. रोज शंभर-शंभराचे पेट्रोल घालून काटा तळाशी ठेवणाऱ्यांच्या पंपाला उन्हाळा जड जातो. अलार्म किंवा गॅस किट बसवताना नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायरही याच दिवसांत त्रास देते. टेपचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो.

खबरदारी : पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. उघड्या टाकीजवळ टेस्ट लॅम्प लावू नये, पंप काढण्याआधी बॅटरीचे मायनस सोडवावे. ईसीयूकडून येणाऱ्या बारीक वायरीला बल्ब लावला, तर आतला ट्रान्झिस्टर जळू शकतो. तिथे मीटरच वापरावा. पंपाला बॅटरीवरून डायरेक्ट करंट देऊन पाहायचे झाल्यास फ्यूज घातलेली वायर घ्यावी आणि तो कोरडा, टाकीबाहेर फिरवू नये.