माध्यमप्रभाव (बेळगाव सीमाभाग)

वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरचित्रवाणी, जाहिराती आणि मोबाइल यांतून लोकांच्या मतांवर, आवडीनिवडींवर व वागण्यावर होणारा परिणाम. कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात तो विशेष पाहण्याजोगा आहे, कारण इथे एकाच घटनेची बातमी मराठीत आणि कन्नडमध्ये निराळी उतरते, आणि अनेकांना दोन्ही भाषा कळतात.

माध्यमे सांगतील ते लोक मानतात, या समजुतीला पॉल लाझार्सफेल्ड यांच्या गटाने अमेरिकेतील १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत केलेल्या पाहणीने तडा दिला. प्रचाराने मत फिरले असे मतदार थोडेच निघाले. बहुतेकांचे आधीचेच मत पक्के झाले. अनेकांपर्यंत बातमी पोचली तीही ओळखीतल्या जाणत्या माणसाच्या तोंडून. सीमाभागात हे काम गल्लीतले पंच आणि युवक मंडळांचे कार्यकर्ते करत आले. आता व्हॉट्सॲप ग्रुपही करतात. पुढे मॅक्सवेल मॅकॉम्ब्ज व डॉनल्ड शॉ यांनी १९७२ मध्ये दाखवले, की माध्यमे ज्या विषयांना जागा देतात तेच मतदारांना महत्त्वाचे वाटतात.

१ नोव्हेंबर हे याचे ठळक उदाहरण. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्या तारखेला कर्नाटक राज्योत्सव साजरा करते, तर महाराष्ट्र एकीकरण समिती काळा दिन पाळते. मराठी दैनिकात काळे झेंडे आणि निषेध फेरी, कन्नड दैनिकात लाल-पिवळे झेंडे आणि मिरवणूक. खोटे कुणीच छापलेले नसते. पहिल्या पानावर काय घ्यायचे, एवढ्यावरच सगळा फरक पडतो. १९१९ मध्ये बाबूराव ठाकूर यांनी सुरू केलेल्या ‘तरुण भारत’सारख्या पत्रांनी सीमाप्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चर्चेत ठेवला, हे त्यांचे कर्तृत्वच. त्याची दुसरी बाजू अशी, की हा प्रश्न तापला की उसाच्या दराची बातमी आतल्या पानावर जाते, आणि तो दर दोन्ही भाषांच्या शेतकऱ्यांना सारखाच लागतो.

जाहिरातदार भाषेच्या वादात पडत नाही. दिवाळीच्या तोंडावर एकाच सराफाची जाहिरात मराठी पत्रात मराठीत आणि कन्नड पत्रात कन्नडमध्ये येते. दुकानाच्या पाटीवर तशी मोकळीक नाही: कर्नाटकाच्या कन्नड भाषाविषयक कायद्यातील २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाटीचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असणे बंधनकारक आहे, मराठी-इंग्रजीने उरलेल्या जागेत भागवायचे.

जाहिरात पटवून देण्यापेक्षा सवय लावते. एखादी गोष्ट नुसती वारंवार दिसली तरी ती आवडू लागते, असे रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांतून दाखवले. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली, तरी तीच नावे वेलदोड्याच्या पुड्यांवरून झळकत राहिली. निपाणीच्या तंबाखू बाजारपेठेतल्या माणसाला ती मुळात कशाची, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या विषयात १९८३ मध्ये डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन यांनी मांडलेले निरीक्षणही महत्त्वाचे आहे: माध्यमांचा परिणाम आपल्यापेक्षा इतरांवर जास्त होतो, असे माणसाला वाटते. सीमाभागात मराठी माणूस कन्नड वाहिन्यांना भडकाऊ म्हणतो, कन्नड माणूस मराठी वृत्तपत्रांना. आणि आपले वृत्तपत्र दोघेही सकाळी चहाबरोबर निर्धास्तपणे वाचतात.