खो-कथा

अनेकांनी आळीपाळीने लिहिलेली एकच कथा म्हणजे खो-कथा. तिला साखळी कथा असेही म्हणतात. एक जण सुरुवातीचा भाग लिहून पुढच्याला खो देतो आणि दुसरा नेमके तिथूनच सूत्र उचलतो. आधीचा भाग बदलण्याचा हक्क मात्र कोणालाच नसतो. दोघांनी मिळून लिहिलेल्या कथेपेक्षा ही वेगळी पडते ती एवढ्यावरच. वेगवेगळ्या गावी किंवा देशांत असलेल्या मित्रमंडळींना हा प्रकार सोयीचा जातो, कारण एका वेळी एकालाच सवड काढावी लागते.

असे लेखन इंटरनेटच्या फार आधीपासून आहे. जपानी रेंगा काव्यात एकामागून एक कवी कडवी जोडत. त्यातल्या ३६ कडव्यांच्या कासेन प्रकारात प्रत्येक कडव्याचा धागा लगतच्या कडव्याशी जुळावा, पण त्याच्याही मागच्यापासून तुटावा, असा दंडक होता. इंग्लंडमधल्या ‘डिटेक्शन क्लब’च्या रहस्यकथाकारांनी १९३१ साली ‘द फ्लोटिंग ॲडमिरल’ ही कादंबरी प्रकरणे वाटून घेऊन लिहिली. तिथे नियम असा, की आपल्या प्रकरणाबरोबर लेखकाने रहस्याची स्वतःची उकलही लिहून द्यायची. नुसता गुंता वाढवून पळ काढायला त्यामुळे वाव राहिला नाही. तरीही शेवटच्या प्रकरणाचे नाव ‘पसारा आवरताना’ अशा अर्थाचे आहे! अमेरिकेत १९०८ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘द होल फॅमिली’ या एका कुटुंबावरच्या कादंबरीचे १२ लेखक होते. विल्यम डीन हॉवेल्स यांनी पहिले प्रकरण लिहिले. दुसऱ्याच प्रकरणात मेरी विल्किन्स फ्रीमन यांनी कुटुंबातल्या अविवाहित आत्याला बिचारी न ठेवता देखणी, नटवी करून टाकले. हॉवेल्स वैतागले, कथा मात्र पुढे त्याच वळणाने गेली.

मित्रांच्या गटात सहा ते आठ लेखक पुरेत. दहाच्या वर गेले की आपला नंबर येईपर्यंत लोकांचा रस आटतो. प्रत्येक भाग ३०० ते ५०० शब्दांचा आणि मुदत तीन दिवसांची ठेवावी. आठ जणांचे हिशेबाने २४ दिवस होतात, पण महिना धरून चालावे. लेखकांचा क्रम आधीच जाहीर करावा. मुदत टळली तर एक दिवस वाढवून द्यायचा, नंतर खो आपोआप पुढच्याला. मागे राहिलेल्याने हवे तर शेवटून दुसरी जागा घ्यावी. मंडळी परदेशांत पसरलेली असतील तर ‘रविवारी रात्री’ हे शब्द कुचकामी ठरतात, म्हणून मुदत भारतीय वेळेनुसारच लिहावी. कथा बहुधा तिसऱ्या-चौथ्या भागाशी रखडते. सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो आणि शेवट दृष्टिपथात नसतो. म्हणून हमखास वेळेवर लिहिणारी माणसे मध्यावर बसवावीत, सगळ्यांत हातखंडा असलेला लेखक शेवटाकडे ठेवावा. त्याला पहिला भाग दिला, तर बाकीचे दबकतात.

व्हॉट्सॲपवर कथा आणि गप्पा यांचे दोन वेगळे गट करावेत. नाहीतर कथेचा भाग ‘सुप्रभात’च्या चित्रांत बुडतो. सगळे भाग एका सामाईक गूगल डॉकमध्ये डकवावेत आणि त्यात फेरफार करण्याची मुभा संयोजकालाच ठेवावी. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही फोनवर किंवा संगणकावर सारखाच वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत मागवावा. डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर जुळवण्याच्या, जुन्या फाँटमधला मजकूर दुसरीकडे डकवला की अक्षरांचा चुरा होतो.

कथा तरते किंवा बुडते ती संयोजकाच्या टिपणावर. प्रत्येक भाग आला की त्याने दोन-तीन ओळी नोंदवायच्या: ‘भाग ३. वसंतराव, वय ७१, उजवा गुडघा दुखरा. दुकानाची किल्ली सुनेकडे. गुरुवार संध्याकाळ, पाऊस. न उलगडलेले: पाकीट कोणी ठेवले?’ ही शेवटची ओळ सर्वांत मोलाची. टिपण नसले की पाचव्या भागात वसंतराव धावत जिना चढतात आणि सुनेचे नाव बदलते.

मराठीत आणखी काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. कथा ‘मी’ने सांगायची असेल तर तो मी पुरुष की बाई, हे ‘गेलो’ की ‘गेले’ एवढ्यावरून पहिल्याच वाक्यात ठरून जाते. नवराबायको एकमेकांना अहो-जाहो करतात की अरे-तुरे, निवेदन प्रमाण मराठीत की बोलीत, काळ भूत की वर्तमान, हेही टिपणात हवे. बोली सगळ्यांना जमणारी नसेल तर ती एकाच पात्राच्या तोंडी द्यावी. अर्धवट मालवणी वाचवत नाही.

नेहमीचे अपघात ठरलेले आहेत: नायकाला मारून टाकणे, ‘हे सगळे स्वप्न होते’ म्हणणे, विनोदी कथेत अचानक भूत आणणे आणि प्रत्येकाने एक नवे पात्र घुसवणे. शेवटच्यामागे वाईट हेतू नसतो. दुसऱ्याचे पात्र हाताळण्यापेक्षा स्वतःचे आणणे सोपे वाटते, इतकेच. यावर उपाय म्हणजे कथेचे दोन तृतीयांश भाग झाले की नवे पात्र आणि नवे रहस्य बंद. आठ भागांच्या कथेत सहाव्या भागापासून फक्त गाठी सोडवायच्या. मुख्य पात्राच्या जिवाला हात लावण्यापूर्वी संयोजकाला विचारावे. पुढचे कथानक गटात चर्चून ठरवू मात्र नये. तसे केले की खो-कथेची सभा होते.

पूर्ण झालेली कथा दिवाळी अंकाला पाठवायची असेल तर सगळ्यांची लेखी संमती घ्यावी. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ज्या कृतीत एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही, तीच संयुक्त कृती ठरते. खो-कथेत कोणता भाग कोणाचा हे उघड असते, त्यामुळे सहसा ज्याचा भाग त्याचा हक्क. संयोजकाने शुद्धलेखन तपासावे, वाक्ये बदलायची झाल्यास त्या त्या लेखकाला दाखवूनच बदलावीत आणि नावे लेखनाच्या क्रमाने छापावीत.