बटण दाबलं, पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच

मे महिन्यात नागपुरात कोणाचं मशीन बंद पडलं की पहिला आरोप उन्हावर, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू आहे ना, ४५ डिग्रीत कॉम्प्युटर तरी काय करणार बिचारा. पण पंखा फिरून राहिला, लाइट लागून राहिला आणि स्क्रीन तेवढी काळी, असं असेल तर भानगड बरेचदा वेगळी असते. मशीनला उठायचं कसं हेच आठवत नसतं.

प्रोसेसर चालू होतो तेव्हा त्याला विंडोज माहीत नसतं, हार्डडिस्क माहीत नसते, रॅमसुद्धा अजून वापरायला तयार नसते. तो फक्त एका ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि तिथे जे सापडेल ते मुकाट्याने चालवायला घेतो. तिथे असतं बायोस, म्हणजे मशीनला उठवणारं पहिलं सॉफ्टवेअर, मदरबोर्डवरच्या आठ पायांच्या छोट्याशा फ्लॅश चिपमध्ये (लाईन गेली तरी न विसरणारी मेमरी). दुसरी कुठली फाइल करप्ट झाली तर रिपेअर करायला काहीतरी सॉफ्टवेअर तरी चालू असतं, इथे रिपेअर करणाराच अजून झोपलेला, म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात ठेवून बाहेरून कुलूप लावल्यासारखं. म्हणून मशीन उठवणाऱ्या या डेटाची, म्हणजे बूटच्या डेटाची, काळजी आधीच घेऊन ठेवावी लागते.

फ्लॅशमधला बिट (एक ० किंवा १) म्हणजे सेलमध्ये, चिपमधल्या इवल्याशा कप्प्यात, अडकवून ठेवलेले इलेक्ट्रॉन. ते वर्षानुवर्षं टिकतात पण हळूहळू निसटतात, आणि गरमीत जरा लवकर. एका सेलमध्ये एकच बिट ठेवला तर दोनच लेव्हल ओळखायच्या असतात, थोडे इलेक्ट्रॉन गेले तरी काही बिघडत नाही. पण आजच्या बहुतेक फोन आणि एसएसडीमध्ये जागा वाचवायला एका सेलमध्ये तीन बिट कोंबतात, म्हणजे आठ लेव्हल, तेवढ्याच जागेत एकमेकींना खेटून, मग जराशी गळती झाली की वाचणारा गोंधळलाच. म्हणून चिप तीच ठेवून तिचा एक कोपरा एक-बिट पद्धतीने वापरतात आणि बूटचा डेटा तिथे ठेवतात. जागा तिप्पट जाते, जाऊ द्या, हा डेटा असतो कितीसा!

आणि गरमीचंच म्हणाल तर चिपने आपल्या नवतपापेक्षा भारी प्रकार जन्मतःच बघितलेला असतो. बोर्डावर सोल्डर करताना ती भट्टीतून जाते, तिथे २४० ते २६० डिग्री. अनेकदा सॉफ्टवेअर त्याच्या आधीच चिपमध्ये भरलेलं असतं, आणि त्या गरमीत तीन-बिटवाला डेटा बिघडू शकतो. म्हणून आधी एक-बिट पद्धतीने भरायचं, चिप बोर्डावर बसली की मग तोच डेटा नेहमीच्या पद्धतीने पुन्हा लिहायचा. फोनमधल्या ईएमएमसी मेमरीच्या २०१३ च्या ५.० स्टँडर्डमध्ये यासाठी खास सोय दिली आहे, मला तरी हा या विषयातला सगळ्यात डोकेबाज भाग वाटतो.

दुसरा उपाय म्हणजे कॉपी. नँड फ्लॅशच्या (फोन-एसएसडीत असते ती जात) ओएनएफआय स्टँडर्डमध्ये चिपची स्वतःची माहिती (पेज केवढं, ब्लॉक किती) २५६ बाइटच्या पानात असते आणि त्याच्या कमीत कमी तीन कॉपी ठेवाव्याच लागतात. प्रत्येकीच्या शेवटी दोन बाइटचा चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) असतो, पहिली कॉपी जुळली नाही तर दुसरी, मग तिसरी. तिन्ही खराब निघाल्या तरी खेळ संपत नाही, एकेका बिटवर मतदान घेता येतं, दोघी १ म्हणत असतील तर १. दोन कॉप्या नेमक्या एकाच जागी बिघडणं तसं कठीण.

पण घराघरात बूटचा डेटा उडतो तो बहुतेक अपडेट चालू असताना लाईन गेली म्हणून. फ्लॅशवर नवीन लिहायचं तर आधी तो सेक्टर (फ्लॅशचा तेवढा तुकडा) पुसावा लागतो, सगळे बिट १ होतात, आणि नेमकी तेव्हाच लाईन गेली तर जुनं गेलं आणि नवीन आलंच नाही. म्हणून शहाणी सिस्टीम जुन्याला हातच लावत नाही, नवीन दुसऱ्या जागी पूर्ण लिहून, तपासून, अगदी शेवटी फक्त ‘आता इथून उठ’ एवढी छोटीशी नोंद बदलते. अँड्रॉइडमध्ये २०१६ ला ७.० सोबत आलेली दोन स्लॉटची पद्धत हीच. स्वस्त मदरबोर्डवर मात्र अजूनही एकच चिप आणि एकच कॉपी, दुसरी चिप टाकायला किती पैसे लागतात हो?

ती एकुलती एक कॉपी उडाली की मग बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, कुठल्या तरी रिपेअरवाल्याकडे जा. तो ‘बायोस उडालं’ म्हणतो, चिपच्या आठ पायांना एक क्लिप लावतो, लाल वायर चिपवरच्या ठिपक्याच्या (पहिल्या पायाची खूण) बाजूला, आणि यूएसबीच्या छोट्या प्रोग्रामरवरून आधी जुना डेटा वाचून घेतो. चांगला कारागीर लगेच लिहायला घेत नाही, दोनदा वाचतो आणि दोन्ही फाइली जुळतात का बघतो, कारण क्लिप जराशी हलली तरी वाचन चुकतं. आणि त्या जुन्या फाइलमध्ये तुमच्या मशीनचा सिरीयल नंबर असतो, पुष्कळ लॅपटॉपमध्ये विंडोजची की पण, ती बाजूला काढून नव्या फाइलमध्ये बसवावी लागते. नेटवरून उतरवलेलं दुसऱ्याचं बायोस तसंच भरून दिलं तर लॅपटॉप चालू होतो खरा, पण सिरीयल नंबर दुसऱ्याचाच दाखवतो, म्हणून पैसे द्यायच्या आधी तो नंबर मागच्या स्टिकरशी जुळवून घ्या.