प्लेट्सशेन : जर्मन घरांतल्या नाताळच्या कुकीज

जर्मनीत नाताळच्या आधी घरोघरी ज्या छोट्या कुकीज भाजतात त्यांना सरसकट प्लेट्सशेन म्हणतात, बव्हेरियात प्लाट्सर्ल आणि श्वाबियात गुट्सले. सीझन म्हणजे अ‍ॅडव्हेंट, नाताळच्या आधीचे चार रविवार. सुपरमार्केटमध्ये मात्र लेबकूखनची, म्हणजे मसालेदार कुकीजची, पाकिटं सप्टेंबरातच येऊन बसतात, लोक दरवर्षी त्यावरून कुरकुरतात आणि घेतातही. घरचं प्रकरण वेगळं. आपल्या दिवाळीच्या फराळासारखं, म्हणजे एकच पदार्थ करून भागत नाही, पाच-सहा प्रकार हवेतच, पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवायचे, शेजारीपाजारी द्यायचे आणि कुणाचं काय बिघडलं ते हळूच बघून ठेवायचं.

बहुतेक प्रकारांच्या मुळाशी म्युर्बेटाइग नावाचं खुसखुशीत पीठ असतं आणि त्याचं प्रमाण कुणालाही पाठ होईल असं आहे: वजनाने 1 भाग साखर, 2 भाग बटर, 3 भाग मैदा. बटर थंडच घ्यायचं, पटकन एकत्र करायचं, जास्त मळायचं नाही कारण मैद्यातलं ग्लुटेन ताणलं की कुकी चिवट होते, आणि मग गोळा फ्रिजमध्ये. हेच लाटून साच्याने कापलं की मुलांच्या आवडीच्या चांदण्या नि बदाम. श्प्रिट्सगेबेकचं पीठ जरा मऊ ठेवतात, कारण ते पिशवीतून पिळतात किंवा चक्क खिमा करायच्या मशीनला वेगळी पट्टी लावून त्यातून काढतात, बऱ्याच आज्ज्या अजून तसंच करतात.

व्हॅनिलेकिप्फर्ल हे ऑस्ट्रिया-बव्हेरियाकडचं, चंद्रकोरीच्या आकाराचं. मैदा, भरपूर बटर, बदामाची किंवा हेझलनटची पूड, थोडीच साखर. 175 अंशांवर दहा-बारा मिनिटं, टोकं जेमतेम सोनेरी झाली की बाहेर. गरम असतानाच वरून व्हॅनिला साखर भुरभुरायची, गार झाल्यावर ती चिकटत नाही, पण गरम किप्फर्ल उचलायला गेलं की मधोमध तुटतं, म्हणून ट्रेमध्येच साखर घालून मग थांबायचं.

काहीजण किप्फर्लमध्ये अंड्याचा पिवळा बलक घालतात, मग पांढरं उरतं, आणि त्या उरलेल्या पांढऱ्याची सोय म्हणजे त्सिम्टश्टेर्ने, दालचिनीच्या चांदण्या, नाहीतर नारळाचे माकरोनन. म्हणून हे प्रकार जोडीने केले जातात. त्सिम्टश्टेर्नेत घरी मैदा घालतच नाहीत, नुसती बदामपूड, पिठीसाखर, दालचिनी आणि फेटलेलं पांढरं. विकायच्या मालासाठी तर जर्मनीत ठरवून दिलंय की बदाम कमीत कमी 25 टक्के आणि मैदा जास्तीत जास्त 10 टक्के. खरी परीक्षा वरच्या पांढऱ्या आयसिंगची. ते चांदणीच्या सगळ्या टोकांपर्यंत नीट पसरायचं आणि भाजल्यावरही पांढरंशुभ्र राहायला हवं, त्यामुळे ओव्हन मंद, भाजण्यापेक्षा वाळवणंच जास्त. पीठ भयंकर चिकट असतं, साचा दर वेळी पाण्यात नाहीतर पिठीसाखरेत बुडवावा लागतो. दालचिनी सिलोनची घ्यावी, जाड सालीच्या कॅसियात कुमारिन, म्हणजे जास्त झालं तर यकृताला बाधणारं द्रव्य, जास्त असतं, 2006 साली तिथल्या सरकारी संस्थेने त्याबद्दल इशारा दिला तो मुख्यतः याच कुकीजच्या दिवसांत गाजला. आपल्या वाण्याकडे दालचिनी म्हणून बहुधा कॅसियाच मिळतो, तेव्हा बघून घ्या.

माझ्या मते सगळ्यात भारी म्हणजे श्वाबियातलं श्प्रिंगरले. अंडी आणि पिठीसाखर भरपूर वेळ फेटायची, मैदा घालायचा, साधारण सेंटीमीटरभर जाड लाटून त्यावर कोरीव लाकडी साचा दाबायचा: घोडेस्वार, फुलं, बाळ येशू, काय वाट्टेल ते. मग कापून, ट्रेवर अ‍ॅनिसचे, म्हणजे बडीशेपेसारख्या वासाचे, दाणे पसरून त्यावर ठेवायचं आणि दिवसभर तसंच सोडायचं. वरचा भाग वाळून कडक होतो, त्यामुळे मंद ओव्हनमध्ये पीठ फुगतं तेव्हा वर जायला जागा नसते, ते खालून उचललं जातं आणि कुकीला छान पाय फुटतात. पाय नाही आले तर काहीतरी चुकलंच. ताजं श्प्रिंगरले दगडासारखं लागतं, डब्यात सफरचंदाची फोड टाकून दोन-तीन आठवडे ठेवलं की मऊ पडतं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ते नीट वाळत नाही, एसी खोलीत ठेवून बघावं.

लेबकूखनचं नाव न्यूरेंबर्गशी जोडलेलं. भोवतालच्या राजवनात मध गोळा करणारे होते आणि शहर मसाल्यांच्या व्यापारी वाटेवर, त्यामुळे दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ, धने हे सगळं आपल्या मसाल्याच्या डब्यातलंच सामान तिथे गोडात गेलं. युरोपियन युनियनने 1996 पासून या नावाला भौगोलिक संरक्षण दिलंय. यातलं उंची एलिझेन जवळपास बिनमैद्याचं, पातळ वेफरवर थापून भाजलेलं. मधाच्या लेबकूखनला फुगवायला हिर्शहॉर्नझाल्ट, म्हणजे अमोनियम कार्बोनेट, आणि पोटॅश, म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट, वापरतात. त्याचं कच्चं पीठ चाखू नये, आणि भाजताना घरभर अमोनियाचा वास सुटला तरी घाबरू नये, तो उडून जातो.

भारतात करायचं तर पिवळं टेबल बटर खारट असतं, अनसॉल्टेड घ्या. मैदा चालतो, तिकडचा 405 नंबरचा मैदा साधारण तसाच. डबे मात्र वेगवेगळे ठेवा, किप्फर्ल आणि लेबकूखन एकत्र भरले तर आठवड्याभरात सगळ्यालाच लवंगेचा वास लागतो.