संतपट

संतपट : संतांचे चरित्र, त्यांचे अभंग आणि त्यांच्याभोवती जमलेल्या आख्यायिका यांवर बेतलेला चित्रपटप्रकार. असा चित्रपट निव्वळ करमणूक म्हणून न पाहता भक्तिभावाने पाहण्याची आणि त्यातून परमार्थाचा बोध घेण्याची प्रेक्षकांची रीत या प्रकाराला सुरुवातीपासून चिकटलेली आहे. पौराणिकपट आणि संतपट ही नावे सैलपणे एकमेकांच्या जागी वापरली जातात. परंतु पौराणिकपटात देव नायक असतो, संतपटात भक्त. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः मराठी संतपटांचा आणि त्यांच्या प्रेक्षकांचा विचार केला आहे.

आरंभ कोठून धरावा, याविषयी मतभेद आहेत. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला आणि पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहिली, हे त्यांनी स्वतः १९१७च्या सुमारास ‘नवयुग’ मासिकातील लेखांत सांगितले आहे. हा प्रसंग त्यांच्या सांगण्यावरून नाताळ १९१०चा ठरतो. काही चरित्रकार तो एप्रिल १९११मधील ईस्टरच्या सुमाराचा मानतात. फाळके यांचे लेखन घटनेनंतर सहासात वर्षांनी झालेले असले, तरी ते प्रत्यक्ष अनुभवणाऱ्याचे असल्याने नाताळचा काळ अधिक ग्राह्य वाटतो. चित्रपट नेमका कोणता होता, हाही वादाचा मुद्दा आहे. आलिस गी या फ्रेंच दिग्दर्शिकेचा १९०६चा चित्रपट, असे एक मत आहे. पाथे कंपनीचा त्याआधीचा ख्रिस्तपट, असे दुसरे. दोहोंची मांडणी एकापाठोपाठ एक चित्रचौकटींची असल्याने फाळके यांच्या वर्णनावरून निवाडा करणे कठीण जाते. परधर्मीय चरित्रपटात एका मराठी प्रेक्षकाला आपले दैवत दिसले, हे मात्र दोन्ही मतांत समान आहे. पुढे ज्या रीतीने संतपट पाहिले गेले, तिचे मूळ या अनुभवात शोधता येते.

दुसरा दावा ‘पुंडलिक’ या चित्रपटाचा. रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे यांचा हा चित्रपट १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये, म्हणजे त्याच ठिकाणी ३ मे १९१३ रोजी लागलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या जवळजवळ एक वर्ष आधी दाखवला गेला. रंगमंचावरील नाटकाचे ते चित्रण होते, छायालेखक इंग्रज होता आणि फिल्मवरील प्रक्रिया लंडनमध्ये झाली. या कारणांनी बरेच इतिहासकार त्याला पहिला भारतीय कथापट मानत नाहीत. तांत्रिक निकषावर हे बरोबर असेल. परंतु संतपटापुरते पाहिले, तर पंढरपूरच्या आद्य भक्ताची कथा ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधीच पडद्यावर आली होती, ही नोंद वगळता येत नाही. मूकपटांच्या काळात संतचरित्रे वरचेवर पडद्यावर येत राहिली. ‘भक्त विदुर’ (१९२१) या महाभारतकथेवरील मूकपटात विदुराच्या रूपात प्रेक्षकांना गांधीजी दिसले आणि मद्रास व सिंध भागांत त्यावर बंदी आली. म्हणजे भक्तिकथेतून काढला जाणारा अर्थ त्या काळीही पारमार्थिकच असे, असे नाही.

मराठी संतपटांचा उत्कर्ष पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत झाला. व्ही. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’त (१९३५) बालगंधर्वांनी एकनाथांची भूमिका केली, ‘महात्मा’ हे मूळ नाव गांधीजींची आठवण करून देते म्हणून बदलावे लागले. त्यानंतर दामले-फत्तेलाल यांचे ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) आले आणि राजा नेने यांच्या साथीने केलेला ‘संत सखू’ (१९४१). चरित्रांचा मूळ आधार बहुतांशी महिपतींच्या ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांचा. अठराव्या शतकातले हे ओवीबद्ध ग्रंथ कीर्तनकारांच्या तोंडून घरोघर पोहोचलेले असल्यामुळे रेड्यामुखी वेद किंवा चालणारी भिंत पाहणाऱ्याला कथा नव्याने सांगावी लागत नव्हती.

‘संत तुकाराम’मध्ये पटकथाकार शिवराम वाशीकर यांनी महिपतींच्या आख्यानातील मंबाजीऐवजी सालोमालो हा मुख्य विरोधक केला. तुकोबांच्या गाथेत सालोमालोचा उल्लेख येतो तो अभंगांची मोडतोड करणारा म्हणून. चित्रपटाने या धाग्याचा विस्तार केला. आरंभीच तुकाराम ‘पांडुरंग ध्यानीं’ हा अभंग साध्या भजनी चालीत म्हणतो आणि लगेच सालोमालो तोच अभंग स्वतःच्या नावावर, नाटकी हावभावांसह देवळात म्हणून दाखवतो. शब्द तेच असूनही प्रेक्षकाला खरे-खोटे कानांनीच कळते. चित्रपटाचा सारा अर्थ या दोन गायनांतल्या फरकात आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. दुसरे टोक जिजाईचे. मुलगा आजारी पडल्यावर ती हातात वहाण घेऊन विठ्ठलाला जाब विचारायला देवळात शिरते. गौरी यांनी ही भूमिका इतक्या सच्चेपणाने केली आहे की तिचे भांडण हीदेखील भक्तीच ठरते. शेवटी विमान वैकुंठाला निघते, तेव्हा जिजाई मुलाबाळांसह खालीच राहते.

मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात हा चित्रपट ५७ आठवडे चालला आणि १९३७च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. नायकाची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस (मृ. १९४३) पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत आणि पुढे भजनगायक म्हणून ओळखले जात. चित्रपटानंतर लोक त्यांच्या पाया पडू लागले. बाजारात मिळणाऱ्या तुकारामांच्या तसबिरींवर पागनीसांच्या चेहऱ्याची छाप आहे, असे पुष्कळ जण मानतात. ज्ञानेश्वरांची भूमिका करणारे शाहू मोडक जन्माने ख्रिस्ती होते. तरीही कृष्णाच्या आणि ज्ञानेश्वरांच्या रूपात प्रेक्षकांनी त्यांना मनापासून स्वीकारले.

प्रेक्षकाला संतपटातून आध्यात्मिक अनुभव कसा येतो, याच्या दोन उपपत्ती मांडल्या जातात. पहिली दर्शनाची. देवळात भक्त देवाला पाहतो आणि देवही भक्ताला. रविवर्म्यांच्या छापील चित्रांतील समोर पाहणाऱ्या देवतांप्रमाणे पडद्यावरची मूर्ती प्रेक्षकाला सामोरी येते आणि तेच नाते चित्रपटगृहात जुळते, असे आशिष राजाध्यक्ष, गीता कपूर आदी अभ्यासकांच्या विवेचनातून निघते. फाळके यांनी रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम केलेले होते, ही बाब या मताला बळ देते. ‘लंकादहन’च्या (१९१७) वेळी पडद्यावर राम येताच प्रेक्षक पायातले जोडे काढीत, ही आठवणही याच संदर्भात सांगितली जाते. त्या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या, आणि त्याने भावात उणेपण आले नाही.

दुसरी उपपत्ती श्रवणाची. वारकरी कीर्तनात एक अभंग निरूपणाला घेतात, त्याच्या चरणांभोवती दृष्टांत आणि कथा गुंफतात आणि मध्येमध्ये टाळकरी नामघोष करतात. प्रभातच्या संतपटांची बांधणी या पद्धतीला फार जवळची आहे : प्रसंग अभंगाकडे जातो, अभंगातून पुढचा प्रसंग निघतो. मराठी संतपटांपुरते तरी हेच स्पष्टीकरण अधिक पटते, कारण चित्रपट विस्मृतीत गेल्यावरही त्यांतील गायन भजनात टिकून राहिले. शांताराम आठवले यांनी ‘संत तुकाराम’साठी लिहिलेले ‘आधी बीज एकले’ हे गीत केशवराव भोळे यांच्या चालीत इतके रुजले की ते तुकोबांचाच अभंग म्हणून आजही म्हटले जाते. संतपट नसलेल्या चित्रपटांतही असेच घडले. ‘प्रपंच’मधील (१९६१) ग. दि. माडगूळकरांचे वेड्या कुंभाराचे गाणे, तसेच चोरांच्या कथेवरील ‘आम्ही जातो अमुच्या गावा’मधील (१९७२) जगदीश खेबुडकरांचे ‘देहाची तिजोरी’ भजनी मंडळांनी आपलेसे केले. चोरांच्या कथेतली तिजोरी देहाची झाली आणि गाणे चित्रपटाच्या कथेपासून सुटून परमार्थाचे झाले. टाळ-मृदंगावर ते म्हणणाऱ्या अनेकांना चित्रपटाचे नावही माहीत नसते.

दर्शनाची उपपत्ती अधिक लागू पडते ती ‘जय संतोषी माँ’ (१९७५) या हिंदी चित्रपटाला. चपला बाहेर काढून आत जाणे, पडद्यावर फुले आणि नाणी उधळणे, आरती ओवाळणे हे प्रकार तेव्हा ठिकठिकाणी घडले आणि सोळा शुक्रवारांचे, गूळ-चण्याच्या नैवेद्याचे व आंबट वर्ज्य करण्याचे व्रत महाराष्ट्रातही झपाट्याने पसरले. व्रत चित्रपटाहून जुने आहे. चित्रपटाने त्याला गणेशकन्येच्या जन्माची कथा जोडली. पुढे ‘शिर्डी के साईबाबा’ (१९७७) आणि ‘अष्टविनायक’ (१९७९) यांचा परिणाम अनुक्रमे शिर्डीच्या आणि अष्टविनायकांच्या यात्रेवर झाल्याचे सर्रास सांगितले जाते. यात्रा-जत्रांतील तंबू थिएटरांनी असे चित्रपट खेडोपाडी नेले.

चंद्रकांत कुलकर्णी यांच्या ‘तुकाराम’मध्ये (२०१२) चमत्कारांऐवजी दुष्काळ, कर्ज आणि घर यांत सापडलेला माणूस केंद्रस्थानी आहे. आदल्या वर्षीच्या उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’मध्ये गुराख्याला झालेल्या दत्तदर्शनावर गावकरी बाजारपेठ उभी करतात. हा संतपट नव्हे. तरी दर्शनाचा अर्थ कोण ठरवतो, हा प्रश्न त्याने मराठी पडद्यावर उघडपणे विचारला.