हृदयाचा सीटी आणि ‘चरबीचं कवच’

‘चरबी किरणांना अडवते, म्हणून जाड माणसाला हृदयाच्या सीटी स्कॅनमध्ये कमी किरण लागतात’ असं वर्षानुवर्षं ऐकू येतं. घडतं उलटंच. शरीर जितकं जाड, तितके एक्स-रे वाटेतच शोषले जातात. पलीकडच्या डिटेक्टरपर्यंत पुरेसे पोचले नाहीत तर चित्र दाणेदार येतं आणि बारीक रक्तवाहिन्यांतले अडथळे नीट दिसत नाहीत. म्हणून यंत्राची ताकद वाढवावी लागते, आणि शरीराला मिळणारा किरणांचा डोसही वाढतो.

वजन साधारण ९० किलोच्या आत असेल तर यंत्राच्या एक्स-रे नळीला १२० ऐवजी १०० किलोव्होल्ट सहसा पुरतात. फरक किरकोळ वाटेल. पण डोस साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या (त्याच संख्येनं गुणल्यावर येणाऱ्या आकड्याच्या) प्रमाणात बदलतो, त्यामुळे एवढ्यानंच तो सुमारे ३० टक्के उतरतो. सडपातळ माणसालाही सवयीनं १२० लावणं म्हणजे विनाकारण जादा किरण देणं. हे मला फार खटकतं.

अर्थात सगळं वजनावर नाही. नाडी संथ आणि नियमित असेल तर ठोक्याच्या ठरावीक टप्प्यातच किरण सोडता येतात, आणि ही बचत मोठी असते.

वजन जास्त आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी टाळू नका. फक्त टेक्निशियनला वजन-उंची अंदाजे नको, मोजून सांगा.